पंचावन्न इंची आत्या

...आणि वरून मलाच म्हणतात, ‘काका, तुम्हाला येत नसंल!’ येत नसंल? अहो, घरी लागत होतं हो! तुम्हाला सांगतो, आठ दिवस, रोज सांजच्याला, लासूर स्टेशनला माझ्या घरात, माझा हा फोन माझ्या बत्तीस इंची टीव्हीला असा लागत होता... बटन दाबलं की लागलाच! फोनात जे दिसंल ते टीव्हीत दिसायचं, मधी वायर नाय, पिन नाय, काय नाय. मी दोनदा टीव्हीच्या मागं वाकून बघितलं. आता माझं दुकान मोटार-पाइपचं, सगळी हयात वायरीत गेली, वायर दिसली की मला धीर येतो, कुठून निघाली अन् कुठं गेली ते बोटानं चाचपता तरी येतं. ह्याच्यात काय चाचपता? हवा? पण लागत होतं! आणि चितेगावला, व्याह्यांच्या घरात, साठेक बाया समोर बसलेल्या, पाळणा सजलेला, तिथंच नेमकं ह्याला काय झालं म्हणतो मी?

आता तुम्ही म्हणाल, काकासाहेब, बारशाला गेला होता ना, मग जेवायचं, टोपी-टावेल घ्यायचा अन् गपगुमान घरी यायचं, टीव्हीला फोन लावायचा उद्योग तुम्हाला सांगितला कुणी? सांगतो ना. त्याचंच तर सांगतोय.

माझा पोरगा शिवराज, त्याला पोरगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसं बी सुनंच्या माहेरी, चितेगावला. म्हणजे संभाजीनगर ओलांडून पार पैठण रोडला. ठीक हाय, रीत हाय. पण बारशात नाव ठेवतं कोण? आत्या! आईबापानं कितीबी पुस्तकं चाळू द्या, नाव आत्यानं बाळाच्या कानात सांगायचं, तवर कुणाला कळू द्यायचं नाय, मग तिनं ‘कुर्रर्र’ करायचं, आणि कुर्र केलं रे केलं की समद्या बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. का घालायचे? मला काय माहीत! माझ्या बहिणीनं खाल्ले, तिच्या आत्यानं खाल्ले. तो मान असतो. आणि आमच्या बारकीची आत्या, म्हणजे माझी लेक श्रेया, ती हाय जर्मनीत!

चिकलठाण्याच्या कंपनीत होती, त्यांनीच धाडली तिकडं. अडीच वर्षं झाली. त्या गावाचं नाव मला अजून धड घेता येत नाय, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. शिवराजच्या लग्नाला बी तिला येता आलं नव्हतं. कुणीतरी फोन हातात धरून उभं केलं होतं तिच्यासाठी. आता धरणारा माणूस लग्न बघणार का फोन धरणार? तिला दोन तास काय दिसलं? पंखा! मंडपाचा पंखा अन् कुणाचे तरी पाय. मी विचारलं, बघितलं का गं लग्न? म्हणाली, ‘बघितलं ना आप्पा, मस्त झालं.’

तर ह्या वेळी तिनं आधीच फोन केला. ‘आप्पा, नाव मीच ठेवणार. मोठ्या टीव्हीवर, सगळ्यांसमोर. मला हातात धरून कोपऱ्यात उभं करायचं नाय.’ मी म्हणलं, अगं, माझ्या चुलत भावाची लेक हाय की इथं, ती बी आत्याच, ती ठेवंल नाव, तू फोनवर बघ. तर म्हणते, ‘आत्या मी हाय ना आप्पा? का आता नाय?’

म्हणलं, तूच हायेस बाई. तूच ठेव. लावतो टीव्हीला.

आणि मग तिनं शिकवायला घेतलं. ‘आप्पा, वरून बोट खाली ओढा.’ ओढलं. ‘ते चौकोनाचं चिन्ह दिसतं का?’ दिसतं. ‘दाबा.’ दाबलं. ‘टीव्हीचं नाव आलं का?’ आलं. ‘दाबा.’ आणि टीव्हीत माझी लेक! एवढी! समोर! भागूबाई, म्हणजे आमची मंडळी, पदर सावरून उठून उभी राहिली, जसं काय दारातून आत आली पोरगी. आणि आवाज बी फोनातून नाय, टीव्हीतून. श्रेया म्हणाली, ‘हे ध्यानात ठेवा आप्पा. टीव्हीला लागलं की आवाज टीव्हीतून येतो. कानात नाव सांगायच्या वेळी आधी टीव्ही सोडायचा, तांबडं बटन दाबायचं, मग फोन बाळाच्या कानापाशी न्यायचा. नायतर माझं गुपित साऱ्या गावाला ऐकू जाईल.’ म्हणलं, हो हो, काय मला कळत नाय का?

आणि खरं सांगू का तुम्हाला? कुणाला सांगू नका. मला तिसऱ्याच दिवशी जमलं होतं. पुढचे पाच दिवस मी उगाच, ‘अगं, चौकोन दिसंना, अगं, कुठलं तांबडं, परत एकदा सांग की’ असं करत होतो. कारण एरवी आमचं बोलणं काय? जेवलीस का? हो. थंडी हाय का? हो. बरं चाललंय ना? मस्त. संपलं! बाप-लेकीकडं बोलायला असतं काय हो दुसरं? ह्या बटनाच्या पायी रोज अर्धा-अर्धा तास बोलत होतो आम्ही. ती चिडायची, ‘आप्पा, कालच तर सांगितलं!’ आणि मला तिचं चिडणं लई बरं वाटायचं.

तर घरी लागत होतं. ही एवढी तयारी करून आम्ही गेलो चितेगावला.

दारातच व्याही, पुंडलिकराव. ‘या या या काकासाहेब! टीव्ही बघितला का? पंचावन्न इंची! आणि आवाजाचा डबा वेगळा घेतलाय, भिंतीला ठोकलाय, लावला की खिडक्या हालत्यात!’ माणूस चांगला हो, पण घरात पाहुणा आला की आधी टीव्ही दाखवतो, मग पाणी विचारतो. मी म्हणलं, झ्याक हाय, आज ह्याच्यावरच आत्या येणार हाय तुमच्या नातीची. त्यांची छाती अशी फुगली! मग मी साऱ्या पाहुण्यांसमोर ऐटीत फोन काढला, श्रेयाला लावला, वरून बोट ओढलं, चौकोन दाबला... आणि काहीच नाय. फोन नुसता गोल गोल फिरतोय, शोधतोय, शोधतोय. पंचावन्न इंची टीव्ही हातभर अंतरावर, तरी ह्याला सापडंना!

घरी लागत होतं हो, मी म्हणलं. शिवराज म्हणाला, ‘आप्पा, फोन अन् टीव्ही एकाच वायफायवर लागतात.’ मी पुंडलिकरावांना म्हणलं, तुमच्या वायफायचा पासवर्ड सांगा. झालं! व्याह्यांचा चेहरा उतरला. ‘पासवर्ड... म्हणजे... आमचं वायफाय लई फास्ट हाय... पासवर्ड म्हणजे...’ आणि हळूच मागच्या अंगणात गेले. मी खिडकीतून बघतोय. कंपाउंडच्या भिंतीपाशी उभं राहून हळू आवाजात, ‘जहांआराभाभी... ओ भाभी...’

कळलं का तुम्हाला? वायफाय शेजाऱ्यांचं! टीव्ही पंचावन्न इंची, डबा भिंतीला, आणि आत जे चालतं ते भिंतीपलीकडच्या याह्याभाईंच्या घरातून येतं. तसं दोन घरांचं लई पटतं, ईदचा शीरखुर्मा इकडं, दिवाळीची करंजी तिकडं, त्यातलंच हे वायफाय. पण व्याह्यांना ते आम्हाला कळू द्यायचं नव्हतं. आणि जहांआराभाभी कसल्या हळू बोलतात! कणकेचे हात तसेच घेऊन भिंतीवरून जोरात, ‘पासवर्ड? अरे मेरी गजाला का नाम डालो, और उसके पैदाइश का साल! गजाला! गजाला!’ गजाला म्हणजे त्यांची लेक, शारजाला असते. पुंडलिकराव मान खाली घालून आत आले. मी खिडकीपासून बाजूला सरकलो. व्याह्यांचा मान राखावा लागतो.

बरं, गजाला टाकलं, टीव्ही सापडला, आता लागंल म्हणलं, तर टीव्ही विचारतो, हा फोन जोडू का? हो म्हणायला रिमोट पाहिजे. रिमोट कुठंय? शोकेसमधी. दुकानातून आला तसा प्लास्टिकच्या पिशवीत, वरून दोन रबर. ‘धूळ नको बसायला.’ अहो पण बटन दबंना त्या पिशवीवरून! काढा म्हणलं पिशवी. ‘नको नको, दबतं, जरा जोरात दाबा.’ तेवढ्यात टीव्ही कंटाळला अन् प्रश्नच मागं घेतला त्यानं! पुन्हा पहिल्यापासून.

आणि तिकडं पाळण्यापाशी माझ्या चुलत भावाची लेक, ती राखीव आत्या, काठापदराची साडी नेसून तयारच बसलेली. दर दोन मिनिटाला, ‘काका, मी सांगू का नाव? काका, उशीर होतोय. काका, बाळ झोपंल.’ बाया कुजबुजायला लागल्या. एक म्हणाली, ‘ह्या काकांना येत नसंल.’ घ्या! आणि फोनात श्रेया, एवढीशी, माझ्या तळहाताएवढी, हिरवी साडी नेसून, कपाळाला टिकली लावून, भिंतीला टेकून बसलेली. तिकडं सकाळ हो तिची, कधी उठली असंल, कधी नेसली असंल. म्हणते, ‘राहू द्या आप्पा, नसंल लागत तर. तिला सांगू द्या नाव. मी अशीच बघते फोनातून.’ आणि वर, ‘मस्त दिसतंय सगळं.’

तुम्हाला सांगतो, तिला त्या घडीला काय दिसत होतं माहीत हाय का? पंखा! माझ्या हातातला फोन आडवा झाला होता, तिला व्याह्यांचा पंखा दिसत होता!

मग मात्र मी चिडलो. म्हणलं, पुंडलिकराव, काढा ती पिशवी! व्याही-बिही काय बघितलं नाय. त्यांनी बी घाबरून काढली. दाबलं बटन. आणि लागलं! आली! पंचावन्न इंचावर माझी लेक आली, हिरव्या साडीत, आणि बाया म्हणाल्या, ‘अगं बाई, केवढी दिसतीय!’ आणि तेवढ्यात मोठी घंटी वाजली अन् श्रेयाच्या जागी टीव्हीभर अक्षरं आली, ‘पुंजाराम जळकी मोटार’. गिऱ्हाइक हो माझं! फोन करत होता! मी नावं अशीच ठेवतो फोनात, नायतर पुंजाराम पन्नास हायेत. गोजरबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, टीव्हीकडं बघून म्हणतात, ‘हे नाव ठेवणार व्हय पोरीचं?’ साऱ्या हसायला लागल्या. पुंजारामाला तोडलं, तर श्रेया बी तुटली. पुन्हा लावलं. पुन्हा सुटलं. लावलं, सुटलं. कुणी दारातून आत आलं की सुटायचं, कुणी शिंकलं की सुटायचं. घरी लागत होतं हो, घरी एकदा लागलं की जेवणं होईस्तोवर लागून राहायचं! जहांआराभाभी हात धुऊन आल्या होत्या, त्या बी मला धीर देतात, ‘होता भाईसाब, होता, घबराव नक्को.’

शेवटी एकदाचं टिकलं. गोजरबाई म्हणाल्या, चला, आता वेळ घालवू नका. बाळ घेतलं, पाळण्याखालून इकडून तिकडं दिलं, पाळण्यात निजवलं. आता कानात नाव. आता माझं काम काय? तांबडं बटन दाबायचं, टीव्ही सोडायचा. आठ दिवस घोकलेलं. मी बोट पुढं केलं, आणि तेवढ्यात श्रेयानं तिकडून आपला कॅमेरा बंद केला. कानात सांगायचं तर तोंड कशाला दाखवायचं! टीव्ही काळाभोर झाला. मला वाटलं, सुटलं. अहो, सकाळपासून आपोआप सुटतच होतं ना ते! मी म्हणलं, बरं झालं, बटन दाबायचं काम वाचलं. आणि फोन तसाच नेऊन बारकीच्या कानापाशी ठेवला.

आणि भिंतीवरचा डबा बोलायला लागला.

‘बाळा... ए बाळा... ऐक.’

हळू बोलत होती ती, कुजबुजत होती. पण त्या डब्यातून आली तर साऱ्या खोलीत भरली. दिवसभर सुटलं मेलं, आणि जेव्हा सुटायला पाहिजे तेव्हा धरून बसलं!

‘तुझं नाव शरयू. शरयू. मी तुझी आत्या, श्रेया.’

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, नाव फुटलं म्हणून. मी बी हसलो, फोन उचलायला वाकलो. तर डबा पुढं बोलतोच हाय.

‘आणि अजून एक सांगते. कुणाला सांगू नको हं. मला इथं करमत नाय गं. घरी मी मस्त म्हणते. मस्त काय... शुक्रवारी सांजच्याला कंपनीतून खोलीवर आले ना, की सोमवार सकाळपर्यंत माझं नाव घेऊन कुणी हाक मारत नाय. म्हणून म्हणलं, तुझं नाव तरी मी ठेवते. आप्पांपाशी हट्ट केला. तू बोलायला लागलीस ना, की मला आत्या नको म्हणू. श्रेया म्हण. लई वेळा म्हण.’

आता सांगा. काय करायचं होतं मी? हात फोनापाशी गेला होता. तर भागूबाईनं मनगट धरलं माझं. ‘राहू द्या,’ म्हणाली. ‘बोलू द्या तिला.’ मी तोडावं, तर पोरीचं बोलणं अर्ध्यात तोडायचं कसं? नाय तोडावं, तर ते साठ बायांसाठी नव्हतं, आईसाठी नव्हतं, माझ्यासाठी बी नव्हतं. त्या एवढ्याशा कानासाठी होतं. आणि मी उभा, पाळण्यावर वाकून, सगळं ऐकतोय. अडीच वर्षं मी लासूरभर सांगत फिरतो, पोरगी जर्मनीत हाय, मस्त हाय. दुकानात बसलेल्या माणसाला न विचारता सांगतो. आणि मला कधी वाटलं नाय हो, की शनिवारी अन् रविवारी ती बोलते कुणाशी?

घरी लागत होतं... आता मी फोनचं म्हणत नाय. पोरीच्या मनाचं म्हणतोय. घरी होती तेव्हा दिवसभर घरात तिच्याच नावानं हाका. श्रेया, पाणी आण. श्रेया, दार लाव. श्रेया, माझा चष्मा कुठं गेला. श्रेया, दुकानाची चावी. वैतागायची ती, म्हणायची, ‘आप्पा, झिजंल माझं नाव!’ आम्हाला काय माहीत, तिकडं ते नाव घडी घालून ठेवावं लागंल तिला. माणूस पोरीला शिकवतो, धाडतो, विमानात बसवतो, पेढे वाटतो. सगळं विचारतो हो बाप, पगार किती, खोली कशी, थंडीचे कपडे घेतले का. तुला तिथं नावानं हाक कोण मारतं, हे कुणी विचारतं का? मला नाय सुचलं. आता राहून राहून वाटतं, विचारायला पाहिजे होतं.

साठ बाया, आणि बांगडी वाजली नाय कुणाची. जहांआराभाभी डोळ्याला ओढणी लावून माझ्या शेजारी उभ्या. हळूच म्हणाल्या, ‘भाईसाब, मेरी गजाला बी यहीच बोलती. अम्मी, मैं मजे में हूँ. रोज बोलती, मजे में हूँ.’

आणि तेवढ्यात टीव्हीत उजेड! श्रेयानं कॅमेरा सुरू केला, तोंडभर हसू, आणि जोरात, ‘कुर्रर्रर्रर्र! झालं आप्पा! लावा आता टीव्हीला!’

लावलेलाच होता की गं.

पण ते तिला माहीत नाय. मी फोन उचलून बायांकडं केला, तर तिला साऱ्या डोळे पुसताना दिसल्या. ‘अगं बाई! रडताय काय सगळ्या? नाव आवडलं नाय का?’ आता कोण बोलणार? गोजरबाई बोलल्या. तुम्हाला सांगतो, विहीणबाई एरवी मानपानात फार कडक, लग्नात एका नारळावरून तासभर बसल्या होत्या. पण त्या दिवशी काय बोलल्या! ‘आवडलं गं श्रेया, लई आवडलं. म्हणून तर रडतोय.’ आणि मग कमरेला पदर खोचून उठल्या. ‘पण कुर्र केलं ना हिनं? मग आत्याच्या पाठीत कोण घालणार?’

ती राखीव आत्या पाठ करून बसली होती धपाटे खायला. ती बाजूला सरकली. म्हणाली, ‘मला कशाला? नाव तिनं ठेवलंय.’ आणि गोजरबाई... अहो, गोजरबाई सरळ टीव्हीच्या मागं गेल्या! टेबलावर होता टीव्ही, मागं माणूस जाईल एवढी जागा. गेल्या मागं, आणि टीव्हीच्या पाठीत घातला धपाटा! ‘हा घे!’ त्यांच्यामागं दुसरी उठली, तिच्यामागं तिसरी. रांग लागली हो! साठ बाया टीव्हीच्या मागून जातायत, प्रत्येकीचा एक धपाटा, ‘घे गं आत्याबाई! घे!’ आणि पुंडलिकराव ओरडतायत, ‘अगं हळू! पंचावन्न इंची हाय! अगं, हप्ते चालू हायेत त्याचे!’ कुणी ऐकंना. मग काय करतील बिचारे, पुढून दोन्ही हातांनी टीव्ही धरून उभे राहिले, पडू नये म्हणून. जहांआराभाभी बी गेल्या रांगेत. त्यांनी मारलं नाय. नुसता हात फिरवला टीव्हीच्या पाठीवरून.

श्रेया तिकडं पोट धरून हसतीय. ‘अगं मावशी, तिकडं नाय, तिकडं काय मारताय! इकडं या, पुढं या!’ आणि पाठ केली तिनं. कॅमेऱ्याकडं पाठ करून, वाकून बसली. टीव्हीभर तिची पाठ, हिरव्या साडीची. मग बाया पुढं आल्या, काचेवर हात लावायला लागल्या. आता ते चित्र जरा उशिरानं पोचतं ना, म्हणजे बाई इकडं हात लावायची अन् ती तिकडं सेकंदानं ‘आई गं!’ करायची. हात लावला, थांबा... ‘आई गं!’ साऱ्या हसायच्या. शेवटाला भागूबाई गेली. तिनं हात ठेवला काचेवर, उचललाच नाय. आणि श्रेयाची पाठ हालायला लागली. हसत होती का रडत होती, तुम्हाला सांगतो, मला अजून कळलं नाय. तोंड पलीकडं होतं तिचं.

जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. भागूबाई म्हणाली, ‘तिला कळता कामा नाय, आपण ऐकलं म्हणून. नायतर ती परत कुणाच्या कानात बी काही सांगायची नाय. सारं मस्तच म्हणत बसंल.’ खरं होतं तिचं. गोजरबाईंनी साऱ्या बायांना गोळा करून बजावलं, ‘खबरदार! त्या पोरीला एक शब्द कळता कामा नाय.’ मी मनात म्हणलं, झालं, साठ बाया अन् गुपित! संपलं!

पण नाय हो. ठेवलं त्यांनी गुपित. कुणी एक शब्द बोललं नाय तिला. फक्त फोन नंबर तेवढा घेतला तिचा, साऱ्यांनी.

आणि तवापासून जे चालू झालंय! गोजरबाई सकाळी चहा टाकला की फोन लावतात. ‘श्रेया, उठलीस का गं श्रेया? काय खाल्लं श्रेया? बरं बरं, ठेवते श्रेया.’ आता इकडची सकाळ म्हणजे तिकडं मध्यरात्र, कशाची उठती ती! मी एकदा सांगून बघितलं विहीणबाईंना, तर म्हणतात, ‘मग काय झालं, नाव तर ऐकलं ना तिनं?’ जहांआराभाभी फोनात बोलून ठेवतात, ‘श्रेया बेटा, तेरी गजाला आपा से बात कर, वो बी अकेलीच है.’ ती राखीव आत्या रोज साडीचे फोटो धाडून विचारते, श्रेया, ही नेसू का ती नेसू. कुणी बाई तर म्हणाली म्हणे, ‘श्रेया, तू मला ओळखत नाय, मी टीव्हीच्या डाव्या अंगाला मारलं होतं, ती मी.’ शनिवार नाय, रविवार नाय, पोरीच्या नावाचा नुसता गजर चाललाय चितेगावात!

परवा तिचा फोन आला. सून अन् बारकी आल्यात आता लासूरला, बारकी माझ्या मांडीवर होती. श्रेया चिडलेली. मला लई बरं वाटलं. ‘आप्पा, ह्या बाया मला झोपू देत नायत! शनिवारी जरा लोळायचं म्हणलं तर अकरा फोन! जरा एकटीनं बसावं म्हणलं तर बसता येईना! ह्यांना झालंय काय? सारख्या श्रेया-श्रेया का करतायत मला?’ मी म्हणलं, माया गं बाई, दुसरं काय. तर थांबली. मला वाटलं, सुटलं. आणि मग एकदम बारीक आवाजात, ‘आप्पा... त्या दिवशी कानात सांगताना टीव्ही बंद होता ना?’

भागूबाई चुलीपाशी उभी राहून माझ्याकडं बघतीय. मी म्हणलं, होता की! काळाभोर होता! आता हे काय खोटं हाय का? काळाच होता!

‘मग ह्यांना सांगितलं कुणी?’

घरात बघितलं, भिंतीकडं बघितलं, मांडीवर बघितलं. म्हणलं, बाई, तू जिच्या कानात बोललीस, तिलाच विचार. तिनंच सांगितलं असंल. दुसरं कोण होतं तिथं?

घेतला हो, दूधपित्या नातीवर आळ घेतला! काय करता... ती अजून बोलत नाय, तवर चालून जाईल.